मामा एक ओळ खाली

कागदावरचं वाकडं सरळ करण्यात हरिचंद्र गायकरांचा हात धरणारा माणूस अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत सापडायचा नाही. हे मत खुद्द गायकरांचं होतं. त्याला आजवर कुणी आक्षेप घेतला नव्हता, कारण ते पुरतं ऐकून घ्यायला कुणी थांबलंच नव्हतं.

गायकरांची हयात कारखान्याच्या ऑफिसात टाइपरायटरपुढे गेली. समास किती सोडायचा, ओळ कुठे मोडायची, आकडे एकाखाली एक कसे बसवायचे, हे सगळं त्यांच्या बोटांना पाठ. रिटायर झाल्यावर ते पालेगावच्या नव्या इमारतीत राहायला आले. टाइपरायटर कपाटावर गेला आणि टेबलावर लेकीचा लॅपटॉप आला, तरी गायकर डगमगले नाहीत. "वर्ड म्हणजे काय, टाइपरायटरच की. फक्त कागद उभा लावलाय," असं म्हणून त्यांनी स्पेसबार बडवायला घेतला. स्पेसबारने सरळ होत नाही अशी गोष्ट कॉम्प्युटरमध्ये असते, हे त्यांना मान्यच नव्हतं.

धाकट्या लेकीचं, जिज्ञासाचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका कोण करणार हा प्रश्नच नव्हता. खरा प्रश्न दुसराच होता आणि त्याचं नाव होतं भगवंत भोईर.

भगवंत भोईर म्हणजे वेणूबाईंचा, गायकरांच्या बायकोचा, एकुलता एक थोरला भाऊ. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये त्यांचं फर्निचरचं दुकान होतं. माणूस लाख मोलाचा, पण मानपानाला हळवा. थोरल्या माधवीच्या लग्नात पत्रिका गायकरांनीच टाइप केली होती. पान भरत आलं, खाली समास सोडायचा होता, म्हणून त्यांनी मेव्हण्याचं घराणं एका ओळीत आवरलं: 'आणि समस्त भोईर परिवार'. लग्नाच्या दिवशी भगवंतशेठ मांडवाच्या दारापर्यंत आले, पेलाभर पाणी प्यायले आणि आल्या पावली परत गेले. नवरीला मांडवात आणायचं ते मामाने, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामाने. माधवीच्या पाठीशी चुलता उभा राहिला. त्या दिवसापासून दोन घरांतलं बोलणं बंद झालं. वेणूबाई दरवर्षी राखी कुरियरने पाठवत आणि कुरियरवाल्याच्या देखत डोळे पुसत.

आता जिज्ञासाच्या लग्नात तरी भाऊ उभा राहावा, एवढंच वेणूबाईंचं देवाकडे मागणं होतं. त्या स्वतः नारळ घेऊन कॅम्प चारला जाऊन आल्या. भावाने चहा पाजला, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पत्रिका येऊ दे. नाव बघीन, मंग ठरवीन."

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अवो, या टायमाला दादूसचं नाव चुकलं ना, तर मना या घरात तोंड दाखवायला जागा नाय."

"चुकेल कसं?" गायकर म्हणाले. "असं नाव टाकतो की भगवंतशेठ पत्रिका फ्रेम करून दुकानात लावतील."

खरं तर पत्रिकेचा मजकूर जिज्ञासाने आधीच नीट लावून ठेवला होता. शेवटच्या पानावर 'आजोळची मंडळी' म्हणून तिने एक टेबल केलं होतं. डावीकडच्या अरुंद रकान्यात श्री., सौ., कै., आणि उजवीकडच्या रुंद रकान्यात नावं. प्रत्येक माणसाची ओळ वेगळी, चौकट वेगळी. एकच अडचण होती. काही चौकटींत 'श्री.' छताला चिकटला होता आणि त्याचं नाव मात्र तळाशी जाऊन बसलं होतं.

"पप्पा, ते अलाइनमेंटचं मी संध्याकाळी येऊन करते," ठाण्याला ऑफिसला निघताना जिज्ञासा म्हणाली. "तुम्ही हात लावू नका, प्लीज."

हात लावू नका म्हटल्यावर हात न लावणारा बाप अजून जन्माला यायचा आहे. रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि गायकर लॅपटॉपपुढे बसले. आधी त्यांनी 'श्री.'पुढे स्पेस दिल्या. 'श्री.' सरकला, पण खाली येईना. मग एंटर मारला, तर तो खाली आला पण चौकट फुगली. शेजारच्या चौकटीत एंटर मारला तर तिसरीच फुगली. तासाभरात टेबलाची अशी दशा झाली की आजोळची मंडळी जत्रेत हरवल्यासारखी पानभर पांगली होती.

"या चौकटीच गुन्हेगार आहेत," गायकरांनी निदान केलं. "माणसागणिक एकेक खोली कशाला? एकत्र कुटुंब आहे."

आणि त्यांनी डावीकडच्या सगळ्या चौकटी जोडून एक लांबलचक चौकट केली, उजवीकडच्यांची दुसरी. डावीकडे एंटर मारत एकाखाली एक कै., श्री., सौ. लिहिले, उजवीकडे एंटर मारत नावं लिहिली. मधल्या रेघा गेल्या, सगळं एका उभ्या रांगेत आलं. गायकर खुर्चीत मागे टेकले. चाळीस माणसांच्या ऑफिसात ज्याचा कागद साहेब न वाचता सही करून देत, तो हा हात होता.

मग त्यांच्यातला दिलदार मेव्हणा जागा झाला. रिवाजाप्रमाणे घराण्यात जो वारला असेल त्याचं नाव आधी, म्हणजे 'कै. आण्णा पांडुरंग भोईर' हे वेणूबाईंचे वडील पहिले आणि मुलगा नंतर. गायकरांनी भगवंतशेठना 'श्री.'सकट उचलून बापाच्याही वर बसवलं. शिवाय नावाआधी बिरूद लावलं: 'समाजभूषण व फर्निचर उद्योजक'.

वेणूबाई चहा घेऊन आल्या. "बापूस खाली नि दादूस वर?"

"मान देतोय, वेणू. एकदाचा भरघोस देऊन टाकू."

"बिरूद कनाला? नुसतं नाव पुरे की."

"नुसतं नाव कुणीही टाकतं," गायकर म्हणाले. वेणूबाईंना काही ते पटलं नव्हतं, पण भावाचं नाव सगळ्यांच्या वर चमकताना बघून त्यांनाही बरं वाटलं. त्यांनी चहाचा कप नवऱ्यापुढे सरकवला.

त्याच दुपारी गायकर पेनड्राइव्ह घेऊन बदलापूरला अक्षयच्या प्रेसमध्ये गेले. अक्षय एका वेळी तीन पत्रिका, दोन वाढदिवसांचे बॅनर आणि एक वडापाव सांभाळत होता.

"काका, तुमचा फॉण्ट माझ्याकडे नाय. दुसरा टाकलाय, भारी दिसतो. आणि तुमचं पान मोठं होतं, कार्डाच्या साइझला बसवलंय. चेक करून घ्या."

गायकरांनी पिशवीतून स्टीलची फूटपट्टी काढली. ही पट्टी त्यांच्यासोबत रिटायर झाली होती. ती त्यांनी स्क्रीनला उभी लावली, एक डोळा मिटला आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं. डावी बाजू पट्टीला चिकटून होती. उजव्या रकान्याची सुरुवात, तीही पट्टीला चिकटून. कुठे केसाइतकंही अंतर नाही.

"ओके," गायकर म्हणाले. "याला म्हणतात काम."

"गेटवरच्या फ्लेक्सला पण हेच मोठं करून टाकू ना? आजोळचा वेगळा फ्लेक्स बोलला होतात."

"टाक. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

त्यांनी पट्टी पुसून पिशवीत ठेवली. जे सरळ आहे ते वाचायचं कशाला, असा त्यांचा साधा हिशेब होता.

जिज्ञासा संध्याकाळी घरी आली तेव्हा फाइल प्रेसला पोचली होती. तिने कपाळाला हात लावला, पण बाप इतका खुशीत होता की तिने विषय तिथेच सोडला.

पत्रिका छापून आल्या. पहिली गावदेवीपुढे ठेवली. दुसरीचा मान नवरीच्या मामाचा. वेणूबाईंनी पाकिटाला हळदकुंकू लावलं, पाकीट कपाळाला टेकवलं आणि पेढ्यांच्या पुड्यासोबत पिशवीत घातलं. रिक्षात बसल्यावर गायकरांना सुचलं की नुसतं नेऊन देण्यात मजा नाही, चार लोकांना कळलं पाहिजे. त्यांनी दुसऱ्या एका पत्रिकेच्या शेवटच्या पानाचा फोटो काढला आणि 'भोईर परिवार' या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचे लाडके भगवंतशेठ. त्यांचा मान सर्वांत वर.' त्याखाली दोन जोडलेले हात आणि एक फूल. मग फोन वेणूबाईंच्या पिशवीत पेढ्यांच्या खाली गेला.

रस्ता खोदलेला होता. रिक्षा अंबरनाथ ओलांडून कॅम्प चारला पोचेपर्यंत बराच वेळ गेला. रिक्षापेक्षा फोटो पुष्कळ लवकर पोचला होता.

भोईर फर्निचरचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत, प्लॅस्टिक न काढलेल्या नव्याकोऱ्या सोफ्यांवर बाजारातले व्यापारी माना खाली घालून बसले होते. प्लॅस्टिकवर दुःखात बसणं फार अवघड असतं. कुणी जरा हललं की चरचर आवाज होई आणि बाकीचे त्याच्याकडे नाराजीने पाहत.

दारात चंदरभाई उभे होते. या सिंधी गृहस्थांचं गाद्यांचं दुकान शेजारी होतं आणि दोन दुकानांत एकच भिंत होती. भगवंतशेठनी त्यांना घरचा माणूस म्हणून 'भोईर परिवार' ग्रुपातही घेतलं होतं. चंदरभाईंनी गायकरांना बघितलं आणि थेट गळ्यात पडले.

"गया, साईं. अपना भगवंत गया."

गायकरांना आधी अर्थच कळला नाही. वेणूबाईंना कळला. त्यांच्या हातातली पिशवी गळून पडली आणि त्या तशाच मटकन खाली बसल्या. खाली ड्रेसिंग टेबलाचं स्टूल होतं म्हणून बरं. समोरच्या तिन्ही आरशांत त्या एकदम रडू लागल्या.

"दादूस... अरं, मी परवाच तर भेटून गेलते रं."

"कसं झालं?" गायकरांनी विचारलं.

"वो तो नहीं मालूम. सुबह बोला, आहेर की साड़ियाँ लेने अंबरनाथ जाता हूँ भाभी के साथ. फोन यहीं चार्जिंग पे छोड़ के गया. फिर ग्रुप पे खबर आयी. खुद फॅमिलीवाले ने डाली, फूल के साथ."

कुणी टाकली हे चंदरभाईंनी पाहिलं नव्हतं. 'कै. भगवंत आण्णा भोईर' एवढं वाचून त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्यांनी शटर ओढलं. त्यांच्यानंतर भावपूर्ण श्रद्धांजलीचे तेहतीस संदेश आले होते, त्यामुळे शंकेला जागा उरली नव्हती. भगवंतशेठच्या पत्नी राजाबाई मामीही फोन उचलत नव्हत्या. साड्यांच्या दुकानात बाईने फोन उचलला नाही, यात खरं तर काही विशेष नव्हतं, पण अशा वेळी ते कुणाच्या ध्यानात येतं?

गायकर भिंतीकडच्या सोफ्याच्या टोकाला बसले. तोंडावर रुमाल धरला. त्यांना खरोखर रडू येत होतं आणि त्याचं त्यांनाच आश्चर्य वाटत होतं. इतकी वर्षं ज्याचं नाव काढलं की कपाळाला आठी पडे, तो माणूस गेला म्हटल्यावर डोळे थांबत नव्हते. जिज्ञासाला काय सांगायचं, हे त्यांना सुचेना.

एवढ्यात, चंदरभाई वेणूबाईंसाठी पाणी आणायला आत गेले असताना, शटरखालून वाकून एक माणूस आत आला. चपला बाहेर, मान खाली, खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर. दुखवट्याला आलेला माणूस येतो तसाच. तो गायकरांशेजारच्या रिकाम्या जागेवर अलगद टेकला. प्लॅस्टिक चरचरलं.

"कोण गेलं वो?" त्याने हळूच विचारलं.

"भगवंत," गायकर रुमालातून म्हणाले.

"कंचा भगवंत?"

"आमचा मेव्हणा. हे दुकान त्याचंच."

त्या माणसाने डोक्यावरचा टॉवेल आणखी पुढे ओढला. "कसा होता?"

"सोन्यासारखा," गायकर म्हणाले. "जरा तापट होता. नाकावर माशी बसू द्यायचा नाही. पण मनाने राजा. आणि नशीब बघा हो, या वेळी पत्रिकेत त्याचं नाव सगळ्यांत वर टाकलं होतं. त्याने नुसतं बघावं म्हणून जीव तुटत होता माझा."

"सगळ्यांत वर?"

"बापाच्याही वर. समाजभूषण लावलं."

"आणि फर्निचरचं?"

"फर्निचर उद्योजकही लावलं. आता कोण वाचणार? लेकीच्या पाठीशी कोण उभं राहणार माझ्या?" गायकरांना हुंदका आला. शेजारच्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गायकरांनी आधारासाठी तो हात धरला, आणि बोटातली पोवळ्याची अंगठी ओळखीची वाटली. त्यांनी रुमाल खाली केला.

शेजारी भगवंतशेठ बसले होते.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग आरशातून वेणूबाईंची किंकाळी आली, सगळे सोफे एकदम चरचरले आणि चंदरभाई "साईं, जिंदा है" म्हणत मध्ये घुसले. तेवढ्यात चौकातल्या व्यापाऱ्यांनी पाठवलेला मोठा हार घेऊन कुणीतरी दारात आला. तो हार कुणाला घालायचा हे न कळल्याने तिथेच उभा राहिला.

"माझ्या दुकानात माझाच दुखवटा?" भगवंतशेठ उठले. "कोण बोलला मी मेलो?"

"पत्रिका में आया," चंदरभाई म्हणाले.

"कोणच्या पत्रिकेत?"

दुकानातल्या सगळ्या नजरा गायकरांकडे वळल्या. गायकर अजूनही निर्धास्त होते. गैरसमज दूर करायला याहून चांगला पुरावा कुठला? त्यांनी पिशवीतून हळदकुंकवाचं पाकीट काढलं, पत्रिका उघडली, शेवटचं पान मेव्हण्यापुढे धरलं आणि जन्मात पहिल्यांदा ते स्वतःही वाचलं.

अक्षयच्या भारी फॉण्टने आणि कार्डाच्या अरुंद पानाने घोळ घातला होता. 'समाजभूषण व फर्निचर उद्योजक' एवढ्यानेच पहिली ओळ भरली होती. नाव पुढच्या ओळीवर उतरलं होतं, आणि त्यासोबत खालची सगळी मंडळी एकेक पायरी खाली घसरली होती. डावीकडचे श्री., कै., सौ. मात्र स्वतंत्र चौकटीत होते. ते जागचे हलले नव्हते. वडिलांसाठी लिहिलेला 'कै.' लेकाच्या नावापुढे तंतोतंत सरळ रेषेत उभा होता.

भगवंतशेठनी शांतपणे वाचलं. त्यांच्या कानशिलाची शीर तटतटली.

"मागच्या टायमाला परिवारात घातलास," ते म्हणाले. "या टायमाला सरणावर घातलास. बरा मान दिलास, भावोजी."

"शेठ, ते टेबल... चौकटी जोडल्या मी..."

"आमंत्रण जित्या माणसाला असतं. मेलेला मामा मांडवात उभा कसा राहील? मी नाय येत."

 भाऊ जिवंत पाहून आलेलं हसू वेणूबाईंच्या तोंडावरच थिजलं. त्यांनी खाली पडलेला पेढ्यांचा पुडा उचलला, पदराने पुसला आणि तो मांडीवर घेऊन बसून राहिल्या. ते पाहून गायकरांना वाटलं, आपण टाइपरायटरसोबत कपाटावर गेलो असतो तर बरं झालं असतं.

तेवढ्यात राजाबाई मामी आल्या. नवऱ्याने त्यांना मागच्या गल्लीत घरी सोडलं होतं. तिथे फोन उघडताच त्या साड्यांच्या पिशव्यांसकट धावत निघाल्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याला दंडाला चिमटा काढून तपासलं. मग पत्रिका हिसकावली, चष्मा लावला आणि दुकानभर ऐकू जाईल असं वाचायला लागल्या.

"कै. भगवंत आण्णा भोईर. बरं. त्याच्या खाली, सौ. आण्णा पांडुरंग भोईर."

त्या थांबल्या. वेणूबाईंनी मान वर केली. आण्णा भोईर म्हणजे पुऱ्या पंचक्रोशीला धाक असलेला माणूस. मिशा एवढ्या की चहा गाळून पोटात जायचा.

"बाबाला सौ.?" भगवंतशेठनी विचारलं.

"सौ.," मामी म्हणाल्या. "आणि पुढं ऐका. श्री. राजाबाई भगवंत भोईर."

कॅम्प चारच्या बाजारात राजाबाईंना सगळे ओळखत होते. उधारी वसूल करायला भगवंतशेठ स्वतः कधी जात नसत, मामींना पाठवत. मागच्या सोफ्यावरून कुणीतरी फिसकन हसलं.

"सगळं चुकलं असंल," मामींनी चष्मा काढला, "पण माझ्यापुढं जे लावलंय ना, ते बरोबर हाय. ते बदलू नका."

आता वेणूबाईंनाच हसू फुटलं. डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या. "सौ. आण्णा," त्या कशाबशा म्हणाल्या, "दादूस, बाबाच्या मिशा..." आणि पुढे बोलता येईना. भगवंतशेठनी ओठ घट्ट आवळून धरले होते. मिशांचं नाव निघालं आणि तो बांध फुटला. सोफे इतके चरचरले की रस्त्यावरची माणसं वाकून आत बघू लागली.

हसू ओसरल्यावर भगवंतशेठ गायकरांशेजारी बसले. "तू मघा जे बोललास," ते हळू आवाजात म्हणाले, "ते मी मेलो समजून बोललास ना?"

"हो," गायकर म्हणाले.

"मंग खरंच बोलला असशील." त्यांनी दुकानभर नजर फिरवली. हातातलं काम टाकून अर्धा बाजार त्यांच्यासाठी येऊन बसला होता. "साड्या घेतल्यात मी. जिज्ञासासाठी पिवळी हाय. येईन. पन पत्रिका नवी छापायची. आणि मी बापसाच्या खाली. त्याच्या वर बसलो म्हणून मेलो."

"बिरूद काढतो," गायकर घाईने म्हणाले.

"बिरूद कनाला काढतोस?" भगवंतशेठ म्हणाले. "बिरूद राहू दे."

त्या संध्याकाळी घरी जिज्ञासाने एकच प्रश्न विचारला. "पप्पा, तुम्ही सेल मर्ज केले?" गायकरांनी मान डोलावली. तिने पुन्हा प्रत्येकाला आपापली चौकट दिली. 'श्री.' छताला चिकटत होता तो एका बटणाने मध्ये आणून बसवला. यापुढे कुणाचं नाव दोन काय, चार ओळी झालं तरी त्याचा 'श्री.' त्याच्यासोबतच राहील, हे तिने बापाला दाखवलं. गायकरांनी मन लावून ऐकलं. लग्न पार पडेपर्यंत लॅपटॉपला हात लावणार नाही, अशी शपथही घेतली आणि पाळली. नव्या पत्रिका वाटल्या. आण्णा कैलासवासी झाले, राजाबाई पुन्हा सौभाग्यवती झाल्या, म्हणून त्या जरा नाराज होत्या.

लग्नाच्या दिवशी गायकर नवी टोपी घालून सकाळीच मांडवाच्या गेटवर पोचले आणि तिथेच खिळले. गेटच्या उजव्या हाताला, अक्षयने दिलेल्या वेळेवर आणून, घट्ट बांधून, जुन्या पत्रिकेचा दहा फुटी फ्लेक्स लावला होता. 'आजोळची मंडळी आपले सहर्ष स्वागत करीत आहे.' त्याखाली कै. भगवंत आण्णा भोईर.

नवी पत्रिका छापताना फ्लेक्सची आठवण कुणालाच राहिली नव्हती. वऱ्हाडाच्या गाड्या फाट्यावर वळल्याचा निरोप आला होता. फ्लेक्स कमानीच्या लोखंडी चौकटीला असा आवळला होता की तो काढायचा तर कमानच खाली आली असती. राजाबाई मामींनी मांडवातलं आंब्याच्या पानांचं तोरण ओढून आणलं आणि खालच्या ओळींतल्या 'सौ.' आणि 'श्री.'वर सोडलं. तोरण तिथेच संपलं आणि 'कै.'वर काय घालायचं, हा पेच उरला. तिथे झेंडूची माळ घातली असती तर काम आणखीच पक्कं झालं असतं.

भगवंतशेठ आले. फ्लेक्सकडे बघितलं. गायकरांकडे बघितलं. गायकरांनी हात जोडले. वेणूबाईंनी देवाचं नाव घेतलं.

"टेम्पोतलं स्टूल आण," भगवंतशेठनी ड्रायव्हरला सांगितलं.

स्टूल आलं. ते फ्लेक्सपुढे ठेवून, गुलाबी फेटा नीट दाबून भगवंतशेठ त्यावर चढले आणि फेट्याचा तुरा बरोबर 'कै.'च्या आड येईल असे उभे राहिले. दोन्ही हात जोडून ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत करू लागले. फोटोग्राफर म्हणाला, "मामा, जरा डावीकडे या." मामा तसूभर हलले नाहीत. ऊन तोंडावर आलं, तरी नाही. वरपक्षाची माणसं आपापसात म्हणत होती की मुलीचा मामा असावा तर असा, काय अगत्य आहे.

मुहूर्त जवळ आला. "नवरीचे मामा, नवरीला घेऊन यावे," भटजींनी माइकवरून पुकारलं. भगवंतशेठ स्टुलावर अडचणीत सापडले. मग चंदरभाई पुढे आले, त्यांनी आपला फेटा घट्ट केला आणि म्हणाले, "तुम जाओ, साईं. इधर मैं खड़ा हूँ."

पिवळ्या साडीतली जिज्ञासा मामाचा हात धरून मांडवात आली. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि शेवटच्या अक्षता पडेपर्यंत मामा तिच्या पाठीशी उभा होता. वेणूबाई अक्षता टाकायच्या विसरून भावाकडेच बघत राहिल्या. गायकर कोपऱ्यात उभं राहून नाक ओढत होते.

पंगती उठल्यावर, माणसं पांगल्यावर ते हळूच गेटकडे गेले. चंदरभाई जेवायला गेले होते, स्टूल रिकामं होतं. गायकरांनी इकडेतिकडे बघितलं, खिशातून स्टीलची पट्टी काढली, फ्लेक्सला उभी लावली आणि एक डोळा मिटला.

"काही म्हणा," ते स्वतःशीच पुटपुटले, "रेघ मात्र सरळ आहे."